जवस म्हणजेच अळशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर वर्ध्याकडचं, सासर रत्नागिरीचं. लग्न होऊन महिना झाला नसेल, तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "आई, जवसाची चटणी करू का?" त्यांना वाटलं ही सून जवाची, म्हणजे सातूची चटणी करणार! बरणी दाखवली तेव्हा म्हणाल्या, "अगो, ही तर अळशी." पुढं मी घरगुती चटण्या करून विकायला लागले. तेव्हापासून चटणीच्या मागणीपेक्षा जवसाबद्दलचे प्रश्नच जास्त येतात. पुन्हा पुन्हा येणारे इथं एकत्र लिहिलेत. मी डॉक्टर नाही. आजारपणाचं शेवटी तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

जवस, अळशी, अलसी, तिसी, फ्लॅक्ससीड, लिनसीड हे सगळं एकच का?

एकच. विदर्भ-मराठवाड्यात जवस, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात अळशी, हिंदीत अलसी किंवा तिसी, कानडीत अगसे, संस्कृतात अतसी. इंग्रजीतली दोन नावं वापरावरून पडली आहेत. तेला-रंगाच्या व्यापारात लिनसीड म्हणतात, खाण्याच्या पाकिटावर फ्लॅक्ससीड छापतात. किराणा दुकानात पोत्यातून मापून मिळणारा जवस आणि मॉलमध्ये चकचकीत पाकिटात मिळणारं फ्लॅक्ससीड यांत बियांचा काही फरक नाही, फरक पाकिटाचा. जव किंवा सातू हे मात्र वेगळं धान्य, त्याची गल्लत नको. आणि अळशी नि आळशी यांच्यात फक्त एका कान्याचा फरक आहे, हा विनोद मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवला जातो. ऐकून झालाय.

हे बी मुळात आलं कुठून?

माणसानं जवस आधी बहुतेक खाण्यापेक्षा धाग्यासाठी हाताळला. जॉर्जिया देशातल्या झुद्झुआना गुहेत रानटी जवसाचे सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे धागे सापडले. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातले काही धागे पिळलेले आणि रंगवलेलेही होते. म्हणजे शेती नव्हती, मडकी नव्हती, तेव्हाही कुणीतरी जवसाची ताटं सोलून दोरा वळत बसलं होतं.

शेतीला सुरुवात झाली पश्चिम आशियात. गहू, सातू, मसूर, वाटाणा, हरभरा यांच्याबरोबर जवस हे तिथल्या अगदी पहिल्या पिकांपैकी एक. तिथून ते इजिप्तला गेलं आणि नाईलच्या काठी त्याचं कापड झालं, तेच लिनन. ममी ज्या पट्ट्यांत गुंडाळत त्या जवसाच्याच धाग्याच्या. इजिप्तमधल्याच तारखान इथल्या थडग्यात सापडलेला एक शिवलेला, बाह्यांना चुण्या घातलेला लिननचा अंगरखा ५,००० वर्षांहून जुना आहे. आज तो लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. कोपरापाशी वापरून पडलेल्या घड्या अजून दिसतात. कुणीतरी तो खरोखर घालून हिंडलेलं आहे.

शास्त्रीय नावातही ही सगळी उपयोगिता आली आहे. लिनियसनं १७५३ मध्ये याला लायनम युसिटाटिसिमम असं नाव दिलं. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अतिशय उपयोगाचा'. लिनन, लिनोलियम हे शब्द त्या 'लायनम'वरूनच निघाले.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही चांगलाच जुना. नर्मदेकाठच्या नावडातोलीच्या उत्खननात गहू-मसुराबरोबर जवसाचे दाणे मिळाले. ती ताम्रपाषाणयुगातली वस्ती, म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला त्याच काळातल्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत ओवलेला दोरा जवसाचा निघाला.

संस्कृतात याचं एक नाव क्षुमा, आणि त्यावरून झालं क्षौम, म्हणजे जवसाच्या धाग्याचं वस्त्र. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्यांनी नेसायच्या वस्त्रांच्या यादीत ताग, क्षौम आणि लोकर अशी तिन्ही नावं येतात. शेतकऱ्याच्या पोरीला मात्र जास्त जवळचा वाटतो तो 'अतसीपुष्पसंकाश' हा शब्द. कृष्णाच्या स्तोत्रात त्याच्या अंगकांतीला जवसाच्या फुलाची उपमा दिलेली आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला फुलावर आलेला जवसाचा तुकडा ज्यानं पाहिला असेल, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

मग आपल्याकडे लिननचं कापड का बनत नाही?

धाग्याचा जवस आणि बियांचा जवस एकाच जातीचे असले तरी त्यांचे वाण वेगळे. धाग्याचा उंच वाढतो, फांद्या कमी. त्याला थंड, दमट हवा लागते. म्हणून आज त्याचं माहेरघर फ्रान्स आणि बेल्जियम. आपला जवस बुटका, फांद्या फुटणारा, बोंडं भरपूर. त्याचं काड आखूड पडतं. दुहेरी उपयोगाचे वाणही काढलेले आहेत, पण शेतकऱ्याच्या हिशेबात जवस म्हणजे बी आणि तेल.

विदर्भातच जवस इतका का खाल्ला जातो?

कारण तो तिथंच पिकायचा. रब्बीचं पीक, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच येतं. पूर्वेला भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या धानपट्ट्यात तर त्याची एक आळशी युक्ती आहे (आता मीच तो विनोद केला). धान उभा असतानाच, कापणीच्या थोडं आधी, ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जवस फेकून देतात. नांगरणी नाही, पाणी नाही. धान निघालं की खाली जवस उगवलेला असतो. याला उतेरा पद्धत म्हणतात. उत्पन्न बेताचं, पण खर्चही नाही.

ब्रिटिश काळात हेच बी जहाजं भरून युरोपला जायचं. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोचली आणि मध्य प्रांतातल्या कापूस-गव्हाबरोबर जवसही मुंबई बंदराकडे वाहू लागला. तिकडं त्याचं कोणी चटणी करत नव्हतं. त्याचे रंग, वार्निश आणि १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टननं काढलेलं लिनोलियम, म्हणजे जमिनीवर अंथरायचं ते चिवट आवरण, हे सगळं जवसाच्या तेलावर चालायचं. पुढं खनिज तेलापासून रंग बनू लागले, इकडं सोयाबीन आलं, रब्बीत हरभरा आणि गहू जास्त पैसे देऊ लागले, आणि जवस बांधाच्या कडेला सरकला. माझ्या आजोबांच्या वेळी तीन एकर असायचा, आता मामा घरच्यापुरते चार तास, म्हणजे चार ओळी, टाकतात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर अजून संशोधन चालतं. एनएल ९७, एनएल २६० ही तिथल्याच वाणांची नावं.

रंगाच्या दुकानात अळशीचं तेल मिळतं, ते हेच का? ते खाल्लं तर चालेल?

तेल हेच. पण दुकानातलं ते तेल खायचं नाही, म्हणजे नाहीच! 'डबल बॉइल्ड' लिहिलेल्या तेलात लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट किंवा मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात. ते लाकडासाठी आहे.

पण एकच तेल रंगातही आणि ताटातही कसं, हा प्रश्न चांगला आहे, आणि जवसाबद्दलचं जवळजवळ सगळं त्याच्या उत्तरात येतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा लिनोलेनिक आम्ल असतं. बाजारात ज्याला ओमेगा-३ म्हणतात त्यातला वनस्पतींकडून मिळणारा हा प्रकार. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात, आणि या बंधांना हवेतला प्राणवायू दिसला की राहवत नाही. तेल हवेशी जुळतं, रेणू एकमेकांना चिकटतात आणि काही दिवसांत त्याचा कडक, चिवट पापुद्रा होतो. शेंगदाण्याचं तेल वर्षभर उघडं ठेवलं तरी पापुद्रा धरत नाही. त्याचा वास जाईल, पण रंग होणार नाही. चित्रकारांचे तैलरंग, खिडकीची काच बसवायची लांबी (खडूची पूड आणि जवसाचं तेल), क्रिकेटची बॅट, सगळं या एका खोडीवर उभं आहे.

याच खोडीमुळं जवस शरीराला हवासा, याच खोडीमुळं कुटलेला जवस पटकन खवट होतो, आणि याच खोडीमुळं त्याच्या तेलात भजी तळायची नसतात. खवट झालेल्या जवसाला ओल्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. तो 'सारखा' नसतो, तोच असतो.

जाता जाता एक सावधगिरी. लाकडाला हे तेल लावून झालं की फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हवेशी जुळताना तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच तेलकट फडक्यांपासून सुरू झाली, आणि ती विझवताना तीन जवान गेले. फडकं मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जवसात असतं तरी काय काय?

१०० ग्रॅम जवसात साधारण ४२ ग्रॅम तेल, १८ ग्रॅम प्रथिनं आणि २७ ग्रॅम तंतू. उष्मांक ५३० च्या वर, तेव्हा 'डाएट'चं म्हणून मूठमूठ खाऊ नये. एक मोठा चमचा कुटलेला जवस म्हणजे ७ ग्रॅम. त्यात दीड ग्रॅमच्या जरा वर अल्फा लिनोलेनिक आम्ल येतं. अमेरिकेतल्या आहार मानकांत पुरुषांना रोज १.६ आणि बायकांना १.१ ग्रॅम पुरेसं धरलेलं आहे, म्हणजे एका चमच्यात काम झालं.

याशिवाय दोन गोष्टी. सालीतला चिकट पदार्थ, जो पाण्यात भिजवल्यावर बुळबुळीत होतो. आणि लिग्नान नावाची द्रव्यं, जी शरीरात गेल्यावर इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकाशी थोडीफार मिळतीजुळती वागतात. लिग्नान तेलात जवळपास उतरत नाहीत, तंतू तर नाहीच. म्हणून तेलाच्या कॅप्सूलपेक्षा बी बरं, असं माझं सरळ मत आहे.

अख्खा खावा की कुटून?

कुटून. साल इतकी गुळगुळीत आणि टणक असते की न चावलेला दाणा जसा गेला तसाच बाहेर येतो. अख्ख्या दाण्यानं पोट साफ व्हायला मदत होईल, पण आतलं तेल मिळणार नाही. जेवणानंतरच्या मुखवासातला भाजलेला जवस नीट चावून खाल्लात तर उत्तम. मात्र किती जण नीट चावतात?

भाजल्यानं ओमेगा-३ जळून जातं ना?

मंद आचेवर भाजल्यानं फारसं काही होत नाही. दाण्याच्या आत तेल सालीनं आणि स्वतःच्या रक्षक द्रव्यांनी जपलेलं असतं. कुटलेला जवस पाव-केकमध्ये घालून भट्टीत भाजला तरी त्यातलं हे आम्ल बहुतांश टिकतं, हे तपासून पाहिलेलं आहे. सुटं काढलेलं तेल मात्र तापवू नये. उलट भाजल्यानं एक फायदाच होतो, तो पुढच्या प्रश्नात.

कच्च्या जवसात विष असतं म्हणतात, खरं का?

शब्द मोठा आहे, पण अगदी खोटा नाही. कच्च्या जवसात सायनाइड सोडू शकणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात, जशी कडू बदामात किंवा कच्च्या कसाव्यात. दिवसाला एक-दोन चमचे खाणाऱ्या मोठ्या माणसाचं शरीर ती सहज निपटून टाकतं. भाजल्यानं, शिजवल्यानं ती आणखी कमी होतात. आपल्याकडे जवस कच्चा न खाता भाजूनच खायची रीत पडली, ती चवीमुळं पडली असेल, पण पडली ते बरं झालं. कच्च्या जवसाची वाटीभर पूड स्मूदीत घालून एका दमात पिण्याचा प्रकार करू नका. लहान मुलांना तर कच्ची पूड नकोच.

कोलेस्टेरॉल आणि बीपीला उपयोग होतो का?

होतो, पण बेताचा. कोलेस्टेरॉलवरच्या २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये आला. तेल न काढता दिलेल्या बियांनी एकूण आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. नुसत्या तेलानं नाही. म्हणजे काम बहुधा तंतू आणि लिग्नान करतात, ओमेगा-३ च्या नावावर खपतं ते तेल नव्हे.

रक्तदाबाबाबत कॅनडातली २०१३ ची एक चाचणी नेहमी सांगितली जाते. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले ११० रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस. त्यांचा वरचा दाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी राहिला. आकडा मोठा आहे. पण माणसं थोडी, सगळी आधीच आजारी, आणि बरेचसे गोळ्याही घेत होते. यावरून "जवस सुरू केला, गोळी बंद केली" असं कुणी करू नये. हे मी दर महिन्याला कुणाला तरी फोनवर सांगते.

मी मासे खाते. मला जवसाची गरज आहे का?

बांगडा, तारली, पेडवे खाणाऱ्या घरात ओमेगा-३ ची चिंता कमीच. माशांत ते थेट शरीराला लागणाऱ्या रूपात असतं. जवसातलं शरीराला बदलून घ्यावं लागतं, आणि हा बदल फार थोडा होतो. मेंदू-डोळ्यांना लागणारं जे शेवटचं रूप, त्यापर्यंत तर अगदी नखाएवढंच पोचतं. म्हणून 'शाकाहाऱ्यांचा मासा' ही जाहिरात मला पटत नाही. सासूबाई म्हणतात, अळशी आणि बांगडा एकाच ताटात बसत नाहीत म्हणून कोण म्हणतो? भाकरीला एका बाजूनं चटणी, दुसऱ्या बाजूनं कालवण.

पाळी जायच्या काळातल्या गरम वाफा थांबतात का?

लिग्नानमुळं आशा होती. पण अमेरिकेत १८८ बायकांवर केलेल्या चाचणीत, २०१२ ला प्रसिद्ध झालेल्या, जवसाची वडी आणि बिनजवसाची वडी यांच्यात फरक पडला नाही. दोन्ही गटांत थोडं बरं वाटलं, सारखंच. मी स्वतः त्या वयात आहे. चटणी खाते, आणि पंखाही लावते.

गुडघ्यात वंगण तयार होतं का?

नाही हो. दाणा भिजवल्यावर बुळबुळीत होतो म्हणून ते बुळबुळीत गुडघ्यात जाऊन बसेल असं नाही. ते आतड्यातून पुढं जातं आणि तिथंच त्याचं काम संपतं. हेच भेंडीबद्दलही फिरत असतं.

कॅन्सरवर जवसाचं तेल आणि पनीर, असा मेसेज आला आहे.

तो योहाना बुडविग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञ बाईंचा जुना आहार. जवसाचं तेल आणि एक प्रकारचं ताजं चीज. माणसांवरच्या नीट चाचण्यांनी तो सिद्ध झालेला नाही. त्याच्या भरवशावर कुणी किमो टाळत असेल तर त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. बाकी माझ्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही.

बद्धकोष्ठतेला?

इथं मात्र जवस खरा उतरतो. तंतू आणि चिकटपणा दोन्ही मदतीला येतात. फक्त पाणी भरपूर हवं. माझाच किस्सा: रात्रीच्या गाडीनं नागपूरला जाताना संध्याकाळी दोन चमचे कोरडी पूड तोंडात टाकली आणि गाडीत वारंवार उठायला नको म्हणून पाणी घोटभरच प्यायले. दुसऱ्या दिवशी पोट दगड झालं. पूड आतलं होतं ते पाणी शोषून तिथंच फुगून बसली होती. चमच्यामागे एक मोठा पेला पाणी, हा हिशेब धरा. ज्यांच्या आतड्यात आधीच अडथळा किंवा अरुंदपणा आहे त्यांनी जवसाच्या वाटेला जाऊ नये.

थायरॉइडची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, खाऊ का?

चटणीच्या मापात बहुतेकांना चालतो. पण जवसाचा चिकटपणा गोळी शोषली जाण्याच्या आड येतो, म्हणून गोळी आणि जवस यांत दोन तास तरी ठेवा. थायरॉइडची गोळी तशीही सकाळी अनशापोटी असते, जवस दुपारच्या जेवणात घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, साखरेच्या गोळ्या असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर रोजचे दोन-तीन चमचे सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. गरोदरपणात ताटातल्या चटणीला हरकत नसते, औषधासारखे डोस मात्र विचारल्याशिवाय नकोत.

आयुर्वेद काय म्हणतो?

फॉरवर्डमध्ये असतं तसं निव्वळ कौतुक नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अतसीची नावं येतात, नीलपुष्पी, उमा, क्षुमा. गुण सांगितलेत ते मधुर, तिक्त, स्निग्ध, पचायला जड आणि उष्ण. म्हणजे जपून खायची वस्तू. बाहेरून लावायला मात्र ती घराघरांत होती. गळू पिकत नसेल तर जवसाचं पीठ पाण्यात शिजवून, फडक्यात घालून गरम पोटीस बांधायचे. माझ्या भावाच्या मांडीवर आजीनं बांधलेलं पोटीस आणि त्याचा आरडाओरडा दोन्ही मला आठवतं.

चटणी कशी करायची? माझी नेहमी गोळा होते.

गोळा होते कारण तुम्ही गरम असताना मिक्सर फिरवता. जवस निवडून घ्या, खडे याच्यात फार लपतात. जाड बुडाच्या कढईत एक वाटी जवस मंद आचेवर. सुरुवातीला काहीच होत नाही आणि माणूस फोन बघायला लागतो. मग एक दाणा तडतडतो, मग चार, मग पावसासारखं सुरू होतं आणि दाणे ओट्यावर उडायला लागतात. तेव्हा हात थांबवायचा नाही. तडतड ओसरू लागली आणि एक दाणा दाताखाली कुरकुरीत फुटला की उतरवा. तो जळका कडू लागला तर उशीर झालाय.

त्याच कढईत एक चमचा जिरं नुसतं गरम करून घ्या. सगळं पूर्ण गार होऊ द्या, हात लावून गार. मग जवस, जिरं, दोन चमचे लाल तिखट, मीठ, आणि शेवटी आठ-दहा लसूण पाकळ्या. लसूण सालीसकट घातला तर चटणी कोरडी राहते. मिक्सर थांबत थांबत, एकेक झटका. खलबत्त्यात केली तर चव वेगळीच, कारण थोडं भरड राहतं आणि तेल जरासंच सुटतं. काही घरांत कोरडी केलेली चिंच घालतात, काही जण चिमूटभर साखर. आमच्याकडे दोन्ही नाही.

खायची ज्वारीच्या भाकरीबरोबर, मधोमध खळगा करून त्यात कच्चं तेल. घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल मिळालं तर तेच. त्याला किंचित कडवट, गवताळ वास असतो. सवय नसेल तर पहिल्यांदा नाक मुरडाल.

रोज किती?

कुटलेला एक ते दोन मोठे चमचे. नवीन सुरू करत असाल तर अर्ध्या चमच्यापासून, नाहीतर पोट फुगतं.

पूड किती दिवस टिकते?

अख्खा जवस कोरड्या डब्यात वर्षभर राहतो. कुटला की हवेशी त्याची गाठ पडली. थोडा थोडा कुटा, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून पाच किलो एकदम दळून ठेवला होता. महिन्याभरानं झाकण उघडलं तर रंगारी घरात आल्यासारखा वास. पाचही किलो गेले. तेल घेतलंत तर काळ्या बाटलीतलं, लहान, आणि तेही फ्रीजमध्ये.

तपकिरी घ्यावा की सोनेरी?

जो स्वस्त मिळेल तो. गुण जवळपास सारखे. परदेशातल्या गिऱ्हाइकांना तिकडं सोनेरी सहज मिळतो, त्याचीही चटणी होते, फक्त रंग फिका येतो.

केसांना लावायचं जेल खरंच चालतं का?

केस बसवायला चालतं. पाव वाटी अख्खा जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळायचं. गार झालं की ते कापडातून उतरत नाही, बसा पिळत! कुरळ्या केसांना छान आकार येतो. केस वाढतात वगैरे मला दिसलेलं नाही. हाच चिकटपणा बिनअंड्याच्या केकमध्येही कामाला येतो: एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा पूड आणि तीन चमचे पाणी, दहा मिनिटं मुरू द्यायचं.

बॅटला लावायला चटणीचा जवस वाटून तेल काढता येईल का?

हा प्रश्न एका आठवीतल्या गिऱ्हाइकानं विचारला होता. नाही बाळा, खेळाच्या दुकानातून 'रॉ' लिहिलेलं अळशीचं तेल आण. फडक्यावर थोडंसं घे, समोरून आणि कडांना पुसल्यासारखं लाव, मुठीच्या जोडाला आणि स्टिकरला लागू देऊ नकोस, आणि रात्रभर बॅट आडवी ठेव. आणि ते फडकं दप्तरात कोंबू नकोस, वर वाचलंस ना?

गॅलरीत कुंडीत उगवेल का?

उगवतो. किराण्यातला न भाजलेला जवस ऑक्टोबरच्या शेवटी पसरट कुंडीत टाका, वर बोटभर माती. आठवड्याभरात दोऱ्यासारखी रोपं दिसतात, दीडेक महिन्यानं कळ्या. फूल पाच पाकळ्यांचं, निळं. सकाळी उघडतं आणि दुपारच्या आत पाकळ्या गळून मातीवर पडलेल्या असतात. माझ्या शेजारणीनं मोठ्या हौसेनं लावला आणि मग तक्रार केली की याला फूलच येत नाही. ती उठते दहाला.